दामलेकाकांची घडीची पुस्तकं

दामलेकाकांच्या फ्लॅटमध्ये एसी एकाच खोलीत आहे, आणि त्या खोलीत पुस्तकं राहतात. काका स्वतः हॉलमध्ये पंख्याखाली घाम पुसत झोपतात. "मला बुरशी लागत नाही," म्हणतात.

पुस्तकं म्हणजे जुनी जपानी सचित्र पुस्तकं, लाकडी ठोकळ्यांवर कोरून हाताने छापलेली. सिंगापूरच्या तोआ पायोह भागात आम्ही एकाच मजल्यावर राहतो. दार वाजवलं की "ये" म्हणायच्या आधी काका "हात?" असं विचारतात. मग बेसिन, साबण, टॉवेल, आणि नंतरच एखादा चित्रातला बगळा बघायला मिळतो. चित्रकाराचं कौतुक केलं की चिडतात. "अरे, हे केसाएवढं एकेक पीस लाकडात कोरलं कुणी? त्याचं नाव काढ ना कधीतरी." निवृत्त अकाउंटंट माणूस, पण त्या अनोळखी कारागिराची वकिली हिरीरीने करतो.

दिवाळीला ते पुण्याला गेले आणि किल्ली माझ्याकडे ठेवून गेले. काम एकच: दमटपणा शोषणाऱ्या यंत्राची टाकी रोज रिकामी करायची. तेवढंच केलं असतं तर बरं होतं. एका रविवारी मी हात धुऊन पक्ष्यांचं पुस्तक उघडलं. पाहतो तर प्रत्येक पान दुहेरी, बाहेरच्या कडेला जोडलेलं. छापखान्यात कापायची राहिली असतील, म्हणून मी फळांच्या सुरीने एक कड उघडली. आत कोरं. दुसरी उघडली. तेही कोरं. नऊ कडा झाल्यावर अक्कल आली आणि मोबाइलवर शोधलं. पातळ कागद एकाच बाजूने छापून दुमडायचा, ही पुस्तकं असतातच अशी. माझ्या पायाखालची जमीन सरकली.

काका परतले त्या संध्याकाळी मी सगळं सांगून टाकलं. सिंगापुरात हक्काने जावं असं माझं ते एकच घर, आणि आता तेही बंद होणार याची मला खात्री होती.

काकांनी नऊही कडांवरून बोट फिरवलं. मग आत गेले आणि दुसरं पुस्तक घेऊन आले. त्याची झाडून सगळी पानं कापलेली.

"तुझ्या काकूची करामत. नवीन लग्न झालं तेव्हाची. मला खूश करायला दुपारभर बसून कापलंन. आणि मी आठ दिवस तिच्याशी बोललो नाही."

काकू जाऊन तीन वर्षं झाली आहेत.

माझा जीव भांड्यात पडला. काकांनी तांदळाच्या पिठाची खळ शिजवली, चिकटवायला पातळ कागदाच्या पट्ट्या कापायचं काम मला दिलं. मी मान खाली घालून मुकाट्याने कापत होतो.

"गप्प नको बसूस रे," काका म्हणाले. "काहीही बोल. त्या आठ दिवसांतलं तिचं बोलणं माझं ऐकायचं राहिलं ते राहिलंच."