हेंचेलबाईंच्या पावत्यांना इस्त्री

खालच्या मजल्यावरच्या हेंचेलबाई ब्लडप्रेशरची गोळी भाजीच्या सुरीनं अर्धी करत होत्या आणि नेमकं ते सुनेत्राबाई चौबळांनी पाहिलं. झालं! सगळा घोळ तिथून सुरू झाला. सुनेत्राबाई खरं तर गेल्या होत्या दुपारी आपल्याकडे आलेलं त्यांचं पार्सल द्यायला. पार्सल देऊन सरळ वर यायचं, तर नजर गेली ओट्यावर.

"अहो, हे काय करताय?"

"अर्धी आज, अर्धी उद्या," हेंचेलबाई ब्रेडबद्दल बोलावं तितक्या सहज म्हणाल्या. "प्रत्येक खोक्यामागे निदान पाच युरो आपल्या खिशातले, फ्राऊ चौबळ. आणि दर दोन महिन्यांना माझी आठ खोकी आहेत."

"डॉक्टरांना सांगितलंत?"

"डॉक्टर मला सहा मिनिटं देतात. त्यातली चार माझ्या गुडघ्यात जातात."

हेंचेलबाईंचं वय ब्याऐंशी. पेन्शन बेताची, घरभाडं मात्र बॉनमधलं. वीस वर्षं एका जिन्यावर राहून दोघींचं अजून अहो-जाहोच होतं, पण जीव होता एकमेकींवर. सुनेत्राबाई तीन पायऱ्या एकदम चढत घरी आल्या. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी हे करू नये, असं त्यांना त्यांच्या गुडघ्यांनी लगेच सांगितलं, पण ऐकतंय कोण!

"अहो, ऐकलंत का? त्या गोळ्या तोडून खातात! आणि इथे माफीची सोय आहे हो! महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात सांगितलं नव्हतं का? जुनं दुखणं असेल आणि वर्षाच्या उत्पन्नाच्या एक टक्क्यापेक्षा जास्त औषधांवर गेले, की क्रांकनकासे, म्हणजे विमा कंपनी, माफीचं कार्ड देते. पुढे डिसेंबरपर्यंत एक सेंट भरायचा नाही!"

"मग त्यांना सांग," प्रद्युम्नराव शब्दकोड्यातून मान न काढता म्हणाले.

सांगणं सोपं होतं, पटवणं महाकठीण. "मी कुणाकडे हात पसरत नाही," हेंचेलबाई म्हणाल्या. आरोग्य विम्याला आयुष्यभर हप्ते भरलेत तुम्ही, हे हात पसरणं नव्हे, असं सुनेत्राबाईंनी तीन आठवडे, चार कॉफ्या आणि दोन डबे नारळाच्या वड्या खर्चून सांगितलं. शेवटी नोव्हेंबर लागता लागता हेंचेलबाईंनी एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा त्यांच्या हातात ठेवला. त्यात वर्षभराच्या औषधांच्या पावत्या होत्या.

"आता तुम्हीच काय ते करा," त्या म्हणाल्या.

सुनेत्राबाईंना कोण आनंद झाला! पण घरी येऊन डबा उघडला आणि त्यांनी कपाळावर हात मारला. पावत्या कसल्या, बोळे होते ते. काही कोटाच्या खिशातून आलेले, एकीत चघळून संपत आलेली खोकल्याची गोळी चिकटलेली, एक तर चक्क पॅन्टबरोबर धुऊन निघालेली. हे असलं जर्मन ऑफिसात द्यायचं? जिथे भोक पाडायच्या पंचलासुद्धा जागा ठरलेली असते तिथे? छे! आपल्या हातून जाणारं काम कसं नेटकं पाहिजे.

आता सुनेत्राबाईंच्या घरात गेली चाळीस वर्षं भेटवस्तूचा कागद कधी फेकला गेलेला नाही. सुरकुतलेला कागद इस्त्रीखालून काढायचा आणि पुढच्या वाढदिवसाला वापरायचा. तेव्हा मार्ग उघडच होता. त्यांनी जेवणाच्या टेबलावर जुनी चादर पसरली, तीवर बेचाळीस पावत्या ओळीनं मांडल्या, वर दुसरी चादर घातली, म्हणजे शाई कापडाला लागली तरी इस्त्रीला नको. आणि गुणगुणत, छान दाबून, या टोकापासून त्या टोकापर्यंत इस्त्री फिरवली. मग सगळ्या उलटून दुसऱ्या बाजूनंही फिरवावी म्हणून चादर उचलली.

"अगं बाई!"

ही हाक अशी होती, की प्रद्युम्नराव शब्दकोडं टाकून आले. टेबलावर बेचाळीस काळ्याकुट्ट पट्ट्या होत्या. सुरकुती मात्र एक नाही.

"थर्मल पेपर," ते हळूच म्हणाले. "अगं, त्यावर उष्णतेनंच छापतात. तू सगळ्या कागदावर छापलंस."

"तुमची इंजिनिअरिंग नको आता! काहीतरी करा!"

प्रद्युम्नरावांनी इंटरनेटवर शोधलं. कुणीतरी लिहिलं होतं, फ्रीजरमध्ये ठेवा, अक्षरं परत येतात. पावत्या मटार आणि मेथीच्या मध्ये दोन तास बसल्या. बाहेर काढल्या तेव्हा त्या गार झाल्या होत्या. बाकी फरक नव्हता.

सुनेत्राबाईंना रडूच आलं. ब्याऐंशी वर्षांच्या बाईनं आयुष्यात पहिल्यांदा कुणावर काम सोपवलं, आणि आपण तिचं वर्ष जाळून टाकलं! पण रडत बसण्याचा त्यांचा स्वभाव नव्हे. दुकानांच्या कॉम्प्युटरवर नोंद असणारच की! हेंचेलबाईंच्या स्वयंपाकघरात तीन औषधांच्या दुकानांची तीन फुकट कॅलेंडरं लटकत होती. म्हणजे दुकानं तीन. सकाळी आठ वाजता त्या चर्चजवळच्या दुकानाच्या दारात हजर.

"मला फ्राऊ हेंचेलच्या वर्षभराच्या औषधांची यादी हवी आहे."

"तुम्ही फ्राऊ हेंचेल?" दुकानातल्या बाईंनी त्यांच्या कुंकवाकडे पाहत विचारलं.

"नाही, शेजारीण."

"मग कशी देऊ? डातेनशुट्झ! दुसऱ्याची माहिती बाहेर देता येत नाही. त्यांच्या सहीचं अधिकारपत्र आणा, फोलमाख्ट."

म्हणजे पुन्हा हेंचेलबाईंचं दार. आता सांगूनच टाकायचं, असं जिन्यात दहादा घोकून सुनेत्राबाईंनी बेल वाजवली. दार उघडलं तर घरभर प्लमच्या केकचा वास.

"या, या! तुमच्याचसाठी केलाय," हेंचेलबाई उत्साहानं म्हणाल्या. गालांवर चक्क लाली होती. "बरं का, एक गंमत सांगू? सोमवारपासून मी अख्खी गोळी घेते! म्हटलं, आता फ्राऊ चौबळांनी हातात घेतलंय म्हणजे काम झालंच. चक्करसुद्धा येत नाही हो!"

सुनेत्राबाईंनी हातात आलेली केकची बशी टेबलावर ठेवली. आता कुठल्या तोंडानं सांगणार? कार्ड आलं नाही, तर ही बाई पुन्हा सुरी काढणार. त्यांनी पर्समधून कागद काढला.

"इथे एक सही लागेल. अधिकारपत्र."

"कशाला?"

"कागदाला कागद लागतो."

"हो, हो, ते तर लागतंच," म्हणून हेंचेलबाईंनी न वाचता झोकात सही ठोकली.

पहिल्या दुकानानं यादी दिली. दुसऱ्यानं सुनेत्राबाईंचं ओळखपत्र दोन्ही बाजूंनी तपासून दिली. तोवर प्रद्युम्नरावही हाताशी फाइल घेऊन आले होते. ती सांभाळत ते मागे मागे येत होते. राहिलं स्टेशनसमोरचं तिसरं. तिथे थंडी-तापाचा हंगाम म्हणून दारापर्यंत रांग, सगळी म्हातारी मंडळी. काउंटरवरच्या बाईंनी अधिकारपत्र वाचलं, सुनेत्राबाईंकडे पाहिलं, पुन्हा अधिकारपत्र वाचलं.

"हल्ली वृद्धांना फसवण्याचे प्रकार फार वाढलेत," त्या नम्रपणे म्हणाल्या. "मी त्यांना एक फोन करून खात्री करते."

"नको! म्हणजे, त्यांना कशाला त्रास?"

हे म्हणणं म्हणजे आगीत तेल. फोन लागला. "हो, एक परदेशी बाई... तुमच्या सगळ्या औषधांची यादी... म्हणतात, पावत्या उरल्या नाहीत..."

पुढची दहा मिनिटं सुनेत्राबाई काउंटरच्या कडेला गुन्हेगारासारख्या उभ्या होत्या. मग सरकतं दार उघडलं, आणि चाकांचा वॉकर ढकलत, घरातल्या चपलांवरच कोट चढवून हेंचेलबाई आत आल्या.

"फ्राऊ चौबळ, माझ्या पावत्या कुठे आहेत?"

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. सुनेत्राबाईंनी पाकिटातून काळ्या पट्ट्या काढून काउंटरवर ठेवल्या.

"नीट दिसाव्यात म्हणून मी इस्त्री केली," त्या पुटपुटल्या. "माफ करा हो. मला तुमचं काम अगदी झकास करायचं होतं."

"तुम्ही औषधांच्या पावत्यांना इस्त्री केलीत?"

"हो."

"सगळ्या?"

"बेचाळीस."

हेंचेलबाईंनी एक पट्टी उचलून उजेडात धरली. खांदे हलायला लागले. सुनेत्राबाईंना वाटलं, रडताहेत. पण त्या हसत होत्या, इतक्या की वॉकरच्या सीटवर बसावं लागलं. "माझा हान्स जन्मभर म्हणायचा, हिला शर्टाची कॉलर नीट जमत नाही! त्यानं हे बघायला हवं होतं!"

काउंटरवरच्या बाईही विरघळल्या. तिसरी यादी छापून झाली, तिन्हींची बेरीज त्यांनीच मारली, फाइलमधल्या पेन्शनच्या कागदाशी ताडून पाहिली आणि त्या एकदम थांबल्या.

"तुमची मर्यादा एकशे बत्तीस युरोंची आहे. इथे होतात एकशे अठ्ठावीस. चार युरो कमी पडतात. या काळ्या पट्ट्यांतल्या बाकीच्या पावत्या हँडक्रीम आणि खोकल्याच्या गोळ्यांच्या असणार, त्या धरत नाहीत."

"कमी?" सुनेत्राबाई ओरडल्याच. "आठ खोकी लागतात त्यांना!"

"लागतात, पण घेतली कुठे आहेत? प्रत्येक खोकं दुप्पट दिवस पुरलेलं दिसतंय. रोज अख्खी गोळी घेतली असती, तर उन्हाळ्यातच माफी मिळाली असती."

हेंचेलबाईंचं हसू मावळलं. "म्हणजे मी पैसे वाचवत गेले, म्हणून मला पैसे भरत राहावे लागले?"

"गेनाऊ, अगदी तसंच," काउंटरवरच्या बाई म्हणाल्या.

वर्षभराची चक्कर, भिंत धरून चालणं, सगळं फुकट गेलं होतं, आणि ते हेंचेलबाईंना कळत होतं, हे सुनेत्राबाईंना दिसत होतं. त्यांनी हेंचेलबाईंच्या खांद्यावर हात ठेवला. वीस वर्षांत पहिल्यांदाच.

मग हेंचेलबाई ताडकन उठल्या. पर्समधून विम्याचं कार्ड काढून त्यांनी काउंटरवर आपटलं. "डॉक्टरांनी काल नवं प्रिस्क्रिप्शन या कार्डावरच चढवलंय. द्या एक खोकं! आणि हे घ्या पाच युरो!"

पावती खरखरत बाहेर आली. एकशे तेहतीस! सुनेत्राबाईंनी टाळ्या वाजवल्या आणि कौतुकानं हात पुढे केला. हेंचेलबाईंनी पावती कोटाच्या आतल्या खिशात घातली, वरून बटण लावलं आणि त्या रांगेकडे वळल्या. तीन आठवडे हात पसरत नाही म्हणून अडून बसलेली बाई आता सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलत होती.

"इथे आणखी कोण कोण गोळ्या तोडून खातं? लाजू नका! हात वर करा!"

जर्मन रांग. कुणी कुणाकडे बघेना. मग टोपीवाल्या एका आजोबांचा हात कानापर्यंत आला. मग कुत्रं घेतलेल्या बाईंचा. सुनेत्राबाईंचं काळीज भरून आलं. किती काम पडलंय, त्यांच्या मनात आलं, आणि आपण आहोत की! त्या उत्साहानं हात मोजायला लागल्या. एक, दोन... आणि तिसरा, अगदी मागे, दाराजवळ, फाइल काखेत धरून उभ्या असलेल्या माणसाचा.

"अहो!"

"कोलेस्टेरॉलची," प्रद्युम्नराव खाली बघत म्हणाले. हात मात्र वरच होता. "गोळीवर मधोमध रेघ असते. म्हटलं, कंपनीनं काही विचार करूनच दिली असेल."

"आपल्याला काय कमी आहे हो पेन्शनीत?"

"कमी काही नाही. अर्ध्यावर भागतंय का बघत होतो. मार्चपासून."

सुनेत्राबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, रागाचं किती आणि भीतीचं किती ते त्यांनाही कळेना. चारही कॉफ्या खालच्या मजल्यावर झाल्या होत्या आणि वरच्या मजल्यावर कुणी विचारलंच नव्हतं.

"आजची उरलेली अर्धी कुठाय?"

"खिशात."

"आत्ता घ्या. माझ्यासमोर."

काउंटरवरच्या बाईंनी न सांगता पाण्याचा ग्लास पुढे केला. हेंचेलबाईंनी वॉकर बाजूला घेऊन वाट करून दिली. प्रद्युम्नरावांनी शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी काढली, अर्धी गोळी जिभेवर ठेवली, आणि सगळी रांग बघत असताना ती गिळली.