रिकाम्या घराचे श्वास

"जरा हळू श्वास घे," शून्यसाहेब बायकोला म्हणाले.

भांडण ऐन रंगात आलेलं असताना नवऱ्याने असं म्हटलं, तर कुठल्याही बायकोला वाटेल की याला आपल्या रक्तदाबाची काळजी आहे. पण साहेबांच्या बायकोला तसा गैरसमज करून घ्यायचीही सोय नव्हती. साहेबांची नजर तिच्याकडे नव्हतीच. ती होती भिंतीवरच्या पांढऱ्या डबीकडे, आणि डबीवर आकडा होता आठशे नव्वद.

"बघ, चाळीस वाढले. भांडायचंच असेल तर गॅलरीत जाऊन भांडू."

"तुम्ही कशाला येता? मी एकटीच जाते," असं म्हणून ती गेली. दार बंद झालं, थोड्या वेळाने आकडा उतरायला लागला आणि साहेबांनी वेळ वहीत टिपून ठेवली.

शून्यसाहेब हे काही त्यांचं कागदोपत्री नाव नव्हे. ते वजनमापं तपासणारे निरीक्षक. कुठल्याही दुकानात पाऊल टाकलं की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "आधी काटा शून्यावर आणा." तेवीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कुणाला एका ग्रॅमची सूट दिली नव्हती, सख्ख्या मावसभावालासुद्धा. "माणूस खोटं बोलतो, काटा बोलत नाही," हे ते दिवसातून दोनदा तरी म्हणत. बायको डोळ्यांच्या दवाखान्यात चष्म्याचे नंबर काढायची. दिवसभर लोकांना "खालची ओळ वाचा" म्हणून सांगायची. तिचा विश्वास डोळ्यांवर, यांचा काट्यावर. इतके दिवस दोघांचं निभलं होतं, कारण दोघांनी एकाच गोष्टीकडे बघण्याची वेळ फारशी आली नव्हती.

ती वेळ आणली टाकीने. हॉलमध्ये भिंतीला लागून चार फूट लांबीची काचेची टाकी होती, आणि तिच्यात खाऱ्या पाण्याचा एक लहानसा समुद्र. नारिंगी पट्ट्यांचे दोन मासे, एक लाल कोळंबी, आणि मधोमध ते प्रवाळ. साहेबांनी आणलं तेव्हा ते नखाएवढं होतं. चार वर्षांत तळहाताएवढं झालं. साहेबांना मूलबाळ नव्हतं. प्रवाळाची वाढ ते दर महिन्याच्या एक तारखेला मापपट्टी लावून मोजायचे आणि ऑफिसात ज्याला-त्याला सांगायचे. त्याच प्रवाळाच्या कडा गेल्या महिन्यापासून पांढऱ्या पडू लागल्या होत्या. ते बघून साहेबांच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

"पाण्याला काही झालेलं नाही, साहेब. हवेला झालंय," त्यांना टाकी विकणारा मासेवाला म्हणाला होता. "पाणी थंड राहावं म्हणून तुम्ही खिडक्या बंद ठेवता. पंप खोलीतलीच हवा पाण्यात सोडतो. तुम्ही सोडलेला श्वास फिरून पाण्यात मुरतो, पाणी आंबट होतं, आणि आंबट पाण्यात प्रवाळाची हाडं धरत नाहीत. खिडकीच्या चौकटीला भोक पाडा, पंपाची नळी बाहेर काढा. बाहेरची हवा खाईल, आपोआप सुधारेल."

"त्या टाकीपायी घराला भोकं पाडायची नाहीत," बायकोने निक्षून सांगितलं. मग साहेबांनी निदान हवा तरी मोजू म्हणून ती डबी आणली. डबी खोलीतला कार्बन डायऑक्साइड मोजायची आणि आकडा मोबाइलवरही पाठवायची. आठवडाभरात साहेबांना ती भाषा अवगत झाली. घर रिकामं, तर साडेचारशे. एक माणूस बसला, की साडेसहाशे. दोन बसले, की साडेआठशे. मेव्हणी आली, की बाराशेच्या वर, कारण ती दोघांचं बोलते. माणूस न बघता माणसं मोजता येतात याचा त्यांना इतका आनंद झाला की ते पाहुण्यांना दारातच विचारू लागले, "किती वेळ बसणार?"

आणि मग एका मंगळवारी ऑफिसात चहा पिता पिता त्यांनी सहज मोबाइल बघितला. सव्वाअकरा वाजले होते. ते ऑफिसात, बायको दवाखान्यात, घराला कुलूप. आकडा असायला हवा होता साडेचारशे.

आकडा होता आठशे एकावन्न.

बुधवारी तेच. अकराला आकडा चढायला लागायचा, साडेबारापर्यंत तिथेच राहायचा, मग हळूहळू उतरायचा. बंद घरात रोज दोन माणसं दीड तास शांतपणे श्वास घेत होती.

"यंत्र बिघडलंय," बायको म्हणाली.

साहेबांनी डबी उघड्या मैदानात नेली, तिथे तिने मोकळ्या हवेचा आकडा चोख दाखवला. गॅसची शेगडी तपासली, मागच्या दाराची आतली कडी तपासली. सगळ्या खिडक्यांना त्यांनी आपल्या सरकारी पद्धतीने तार ओवून शिशाचं सील ठोकलं. किल्ल्या मोजल्या: एक त्यांच्या खिशात, एक बायकोच्या पर्समध्ये. हे सगळं करून काय मिळवलं, तर हात दाखवून अवलक्षण. गुरुवारी सीलं जशीच्या तशी राहिली आणि आकडा साडेआठशे झाला.

सव्वाबाराला तो दिसताच हातातलं काम टाकून साहेब रिक्षाने घरी धावले. पोचेपर्यंत पाऊण वाजला. कुलूप लावलेलं. आत चिटपाखरू नाही. डबी अजून आठशे वीस दाखवत होती. हवा कोंदलेली होती, नुकतंच कोणी उठून गेल्यासारखी. स्वयंपाकघरातलं स्टूल वीतभर सरकलेलं होतं. टाकीतले दोन्ही मासे एका कोपऱ्यात, काचेला तोंड लावून, समोरच्या खुर्चीकडे बघत होते. खुर्चीच्या उशीत खड्डा पडला होता. साहेबांनी हात लावला. उशी कोमट होती.

काय सुचलं कोण जाणे, ते त्या खुर्चीत बसले. खड्डा त्यांना अगदी मापात बसला.

हे त्यांनी बायकोला सांगायला नको होतं, पण त्यांना लपवाछपवी येत नसे. ऐकून बायकोची पाचावर धारण बसली.

"टाकीच्या आधी या घरात असं काही नव्हतं," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, म्हणून साहेब जास्त घाबरले. "समुद्रातून काय काय उचलून आणलंत, कोणाला ठाऊक. रविवारपर्यंत माणूस दाखवा. हाडामांसाचा माणूस. नाही दाखवलात, तर टाकी त्या मासेवाल्याच्या घरी जाईल. मी तिच्याबरोबर राहणार नाही."

"अगं, पण प्रवाळ हलवलं तर मरेल."

"मग माणूस शोधा."

शुक्रवारी साहेबांचं कामात लक्ष नव्हतं. दहाच्या सुमाराला लोखंडी सामानाच्या दुकानात पाच किलोचं वजन हातातून निसटून डाव्या करंगळीवर आपटलं. दुकानदाराने हळद नि चिंधी शोधली, शेवटी चिकटपट्टी गुंडाळून दिली. बायकोने आणखी घाबरू नये म्हणून संध्याकाळी घरी शिरण्यापूर्वी साहेबांनी ती जिन्यातच काढून टाकली. अकरानंतर आकडा मात्र नेमाने साडेआठशे झाला होता.

शनिवारी दोघांनी रजा टाकली. दहाला दाराला बाहेरून कुलूप घातलं, कडी काढून ठेवलेल्या मागच्या दाराने आत आले आणि स्वयंपाकघरात दडून बसले. साहेबांच्या हातात लाटणं होतं. बायकोने त्यांच्या शर्टाची बाही धरून ठेवली होती. अकराला पाच मिनिटं असताना कुलपात किल्ली फिरली.

पावलं आली. चपला काढल्या गेल्या. कोणीतरी घसा खाकरला. मग पावलं हॉलमध्ये क्षणभर थबकली आणि सरळ स्वयंपाकघराकडे वळली. साहेबांनी लाटणं उगारलं. दार उघडलं.

"बाबा!" बायको किंचाळली.

दारात तिचे वडील उभे होते. पलीकडच्या गल्लीत एकटे राहणारे, आणि दर रविवारी जेवायला आले की "पाण्यात मीठ घालून त्याच्याकडे बघत बसायचं, याला काय म्हणावं?" असं टाकीबद्दल बोलणारे.

"अगं, ओरडतेस काय? मी आपला स्टूल न्यायला आलो," ते म्हणाले. जावयाच्या हातातल्या लाटण्याकडे त्यांनी सभ्यपणे दुर्लक्ष केलं.

"तुमच्याकडे किल्ली कुठून आली?"

"तुम्ही गावाला गेलात तेव्हा माशांना खाणं घालायला तूच दिलीस. परत कोणी मागितलीच नाही." काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हा असा. म्हातारबुवांचे कान लाल झाले होते. "तेव्हापासून सवय लागली. घरी भिंतींकडे बघत बसण्यापेक्षा बरं. तो बारका मासा मला ओळखतो. पण एवढी नावं ठेवल्यावर आता कोणत्या तोंडाने सांगू?"

बायको मटकन खाली बसली आणि हसायलाच लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाबा, अहो, आम्ही भूत समजत होतो तुम्हाला!"

साहेबही हसले असते. पण त्यांच्या डोक्यात काटा हलला.

"बाबा, तुम्ही एकटेच येता?"

"एकटाच."

"मग साडेआठशे कसे होतात? एका माणसाचे साडेसहाशे होतात."

म्हातारबुवांनी जावयाकडे जरा चमकून बघितलं. मग मुलीकडे. मग एक डोळा बारीक करून ते हळूच म्हणाले, "जावईबापू, आता सगळं उघड झालंच आहे. आता कशाला नाटक?"

"कसलं नाटक?"

"आपण दोघं नसतो का? तुम्ही खुर्चीत, मी स्टूलवर. मी येतो तेव्हा तुम्ही आधीच बसलेले असता. पहिल्या दिवशी मी दचकलो. मग म्हटलं, ऑफिसात डोकं उठलं असेल, घटकाभर आला असेल घरी. हिच्यापासून लपवताय हे कळत होतं. तुम्ही बोलला नाहीत, मीही बोललो नाही. म्हणून तर आपलं इतकं छान जमलं." ते आपुलकीने पुढे झाले. "बोट कसं आहे आता?"

"कुठलं बोट?" बायकोने विचारलं.

"काल पट्टी नव्हती का यांच्या करंगळीला?"

साहेबांनी डावा हात पाठीमागे नेला. ते काल अकरा वाजता बाजारात, इथून अर्ध्या तासावर, तेलाची मापं तपासत होते. पट्टी बाजारातल्या दुकानदारांखेरीज कोणी पाहिली नव्हती. बायकोने त्यांचा डावा हात ओढून घेतला. करंगळी काळीनिळी पडली होती.

"बाबा, तुम्हाला भास झाला असेल," साहेब कसेबसे म्हणाले.

"बाबांना भास? मोतीबिंदूनंतर मी स्वतः नंबर काढलाय त्यांचा. शेवटची ओळ वाचतात ते," बायको म्हणाली. "आणि तुमचं यंत्र? तेही दोन माणसं दाखवतंय. माणूस खोटं बोलतो, काटा बोलत नाही, हे कोण म्हणतं?"

साहेबांनी तोंड उघडलं. खरं बोलायचं म्हणजे सांगायचं की मी नव्हतो. मग त्या खुर्चीत रोज त्यांचा चेहरा लावून, त्यांचं दुखरं बोट घेऊन कोण बसत होतं, या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागणार. आणि मग उद्या टाकी जाणार. उघड्या दारातून त्यांना हॉलमधलं प्रवाळ दिसत होतं, पांढऱ्या पडत चाललेल्या कडांचं. मासे खुर्चीकडे तोंड करून थांबले होते. बायको वाट बघत होती. या आठवड्यात पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती.

"हो," शून्यसाहेब म्हणाले. तेवीस वर्षांतलं ते त्यांचं पहिलं खोटं वजन. "मीच येत होतो. फिरतीची नोकरी. अर्धा तास इकडेतिकडे."

"मग आधी सांगायचं ना, वेडे कुठले!" ती म्हणाली. रागापेक्षा तिला सुटल्यासारखंच जास्त वाटत होतं. रविवारी तिने स्वतः सुताराला बोलावून खिडकीच्या चौकटीला भोक पाडून घेतलं आणि पंपाची नळी बाहेर काढली. सासऱ्यांनी जेवताना टाकीची उघडपणे स्तुती केली. सोमवारी सकाळी साहेबांना वाटलं, प्रवाळाच्या एका टोकाला पुन्हा रंग धरतोय.

त्या दिवशी अकरा वाजता ते किराणा दुकानात होते.

"साहेब, काटा शून्यावर आणलाय. बघून घ्या," दुकानदार म्हणाला.

साहेब मोबाइल बघत होते. पाचशे. सहाशे. साडेसहाशे झाले, म्हणजे सासरे आले. आकडा तिथे थांबावा म्हणून त्यांनी मनातल्या मनात हात जोडले. सातशे. आठशे. आठशे चाळीस. साहेबांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी नाक दाबलं आणि श्वास रोखून धरला.

आकडा थांबला.

एक मिनिट गेलं. आठशे चाळीस. साहेबांचा चेहरा जांभळा पडत चालला. आकडा जागचा हलला नाही.

"साहेब! अहो, काय करताय? श्वास घ्या!" दुकानदाराने घाबरून त्यांचा खांदा हलवला.

साहेबांनी श्वास सोडला. आठशे एकेचाळीस, मोबाइल म्हणाला. बेचाळीस. त्रेचाळीस.

त्यांनी मोबाइल पालथा करून खिशात टाकला, शिक्का काढला आणि कागदावर उठवला.

"तुमचा काटा बरोबर आहे," ते म्हणाले. काट्याकडे त्यांनी पाहिलंच नव्हतं.