उवांचा करारनामा

एका जंगलात, बाळांनो, सगळ्यांच्या अंगावर उवा झाल्या होत्या. खाजवू नका, त्या गोष्टीतल्या आहेत.

तिथे केसोपंत नावाच्या अस्वलाने उवा काढायचं दुकान थाटलं. केसोपंतांना स्वतःला ऊ काढता येत नसे. त्यांच्या नखांनी उवेआधी कानच निघायचा. म्हणून त्यांनी यमू नावाच्या माकडिणीला नोकरीवर ठेवलं. यमूचा हात असा हलका, की गिऱ्हाईक बसल्या जागी घोरू लागायचं.

पहिल्याच दिवशी केसोपंतांनी केळीचं पान पुढे केलं. "अंगठा करा, यमूबाई."

"काय लिहिलंय, मालक?"

"आपल्या प्रेमाबद्दल लिहिलंय."

यमूने चारही अंगठे उमटवले.

वर्षभर छान चाललं. मग केसोपंतांनी नवा नियम काढला. काढलेली ऊ खायची नाही, ती दुकानाची मालमत्ता!

"मग सांभाळा तुमचं दुकान," म्हणून यमू तडक घरी गेली.

घरी तिच्या लेकीचं, ठमीचं, डोकं नुसतं वळवळत होतं. यमूने तिला मांडीवर घेऊन पहिली ऊ टिपली. तोच झुडपातून केसोपंत पान फडकवत बाहेर आले.

"स्पर्धा! स्पर्धा! करारात आहे. नोकरी सोडल्यावर तीन पावसाळे या जंगलात कुणाचीही ऊ काढायची नाही!"

"अहो, ही माझी मुलगी आहे!"

"असेल. पण ते माझं गिऱ्हाईक आहे."

यमू घाबरली. तिने हात काखेत दाबून धरले, तरी बोटं आपली हलतच होती. असे आठ दिवस गेले. ठमी खाजवून खाजवून रडकुंडीला आली. तेव्हा मात्र यमू ताडकन उठली, लेकीला कडेवर घेतलं आणि सिंहमहाराजांच्या दरबारात गेली.

महाराजांनी केसोपंतांना बोलावून करार वाचायला लावला. ऐकताना ते सारखी आयाळ खांबाला घासत होते.

"सध्या तुमच्या दुकानात उवा कोण काढतं?"

"मीच, महाराज."

दरबारातल्या सशाने आपला उरलेला कान झाकून घेतला.

महाराज गरजले, "नोकरीत असताना शेजारी दुसरं दुकान काढायचं नाही, हे कबूल. दुकानाची गुपितं फोडायची नाहीत, हेही कबूल. पण नोकरी सोडलेल्याची बोटं बांधून ठेवता येत नाहीत. हे कलम रद्द!"

"महाराज, एवढ्या तडकाफडकी?"

"यमूबाई," महाराजांनी मान खाली घातली, "कानामागे बघा. जरा डावीकडे. हां... हां!"

यमूने एका मांडीवर ठमीला घेतलं, दुसऱ्या मांडीवर महाराजांना. बघता बघता सगळा दरबार तिच्यासमोर रांगेत उभा राहिला. रांगेत सर्वांत शेवटी केसोपंत होते. त्यांनाही खाजत होतं.

तात्पर्य: करार नीट वाचून मगच सही करावी, असं मोठी माणसं सांगतात. तुम्ही, बाळांनो, वाचायच्या भानगडीत पडू नका. न्यायाधीशाला कुठे खाजतं, तेवढं आधी विचारून ठेवा.