शेरीफने घोड्याला पाणी पाजलं

पडद्यावरची धूळ खाली बसली. दिवाणखान्यात व्हीसीआर स्वतःशीच घरघरत होता. जर्सी सिटीच्या त्या उंच इमारतीखालून मॅनहॅटनकडे जाणारी गाडी गेली, तेवढाच काय तो बाहेरचा आवाज. टीव्हीवर बंदूकबाज वाळूत पालथा पडला होता, आणि त्याच्या पाठीत गोळी घालणारा शेरीफ, त्याचा जिवलग मित्र, शांतपणे आपल्या घोड्याला पाणी पाजत होता. मग अक्षरं वर सरकू लागली.

"नऱ्या," चंद्रशेखर म्हणाला, "हा शेवट नाही."

नरेंद्र चिवड्याच्या बशीतून शेंगदाणे निवडत राहिला.

खरा शेवट चंद्रशेखरला वीस वर्षं पाठ होता. मावळतीच्या तांबूस उजेडात बंदूकबाज आपली दोन्ही पिस्तुलं वाळूवर ठेवतो. शेरीफ छातीवरचा पितळी तारा काढून वाऱ्यावर भिरकावतो. आणि दोघे मित्र एकाच घोड्यावरून क्षितिजाच्या फिकट रेषेत विरघळत जातात. नागपूरच्या हॉस्टेलातली त्यांची मैत्री या शेवटावर उभी होती. चंद्रशेखरने तो मुलीला अंगाईच्या जागी सांगितला होता, ऑफिसातल्या निरोपसमारंभांत सांगितला होता आणि एकदा मराठी मंडळाच्या गणपतीसमोरही, थोड्या आध्यात्मिक अंगाने.

त्याच मैत्रीच्या भरवशावर तो उद्या सकाळी मॅनहॅटनमधल्या नोकरीचा राजीनामा देणार होता. दूर दक्षिणेतल्या अल्फारेटाला नरेंद्रच्या कंपनीत जागा होती, नरेंद्रच्याच रस्त्यावर घर होतं; हाती अजून काही आलं नव्हतं, पण नरेंद्रने शब्द दिला होता. तो खास त्यासाठी विमानाने आला होता, आणि प्रसंग साजरा करायचा म्हणून चंद्रशेखरने हौसेने ही कॅसेट भाड्याने आणली होती.

"कॅसेट चुकीची आली वाटतं," चंद्रशेखर म्हणाला.

"डॅड, इट्स द राइट मूव्ही," गालिच्यावर लोळत पडलेली रुपाली म्हणाली.

"मग टीव्हीसाठी कापली असेल."

"नोबडी कट्स अ डेड बॉडी इन, डॅड."

चंद्रशेखरने कॅसेट मागे फिरवली. बंदूकबाज वाळूतून अलगद उठला, गोळी त्याच्या पाठीतून निघून शेरीफच्या पिस्तुलात परत गेली, आणि क्षणभर ते दोघे पुन्हा मित्र झाले. मग त्याने कॅसेट पुढे सोडली. शेरीफने पुन्हा पाठीतच गोळी घातली.

त्याने दुकानात फोन लावला. शेवट असाच आहे का, असं त्याने अगदी विनयाने विचारलं. दुकानदाराने सांगितलं की हो, असाच आहे, आणि असा आहे म्हणूनच लोक ही कॅसेट पुन्हा पुन्हा नेतात.

"तू तर पूर्ण पाहिला होतास ना रे?" रिसीव्हर ठेवून चंद्रशेखर नरेंद्रकडे वळला. "मी मध्येच थिएटरबाहेर गेलो होतो. सायकलला कुलूप लावलं नव्हतं म्हणून. मग डोअरकीपरने मला आत घेतलं नाही. तू बाहेर आलास आणि तर्री-पोहे खाताना मला शेवट सांगितलास."

"सांगितला," नरेंद्र म्हणाला. "तो शेरीफ असा नालायक निघाल्यावर तू आठवडाभर जेवला नसतास, चंद्या. आणि दुसऱ्या दिवशी थर्मोडायनॅमिक्सचा पेपर होता."

"म्हणून तू शेवट बदललास?"

"सुधारला म्हण."

"मला नेहमी वाटायचं," कोपऱ्यातल्या खुर्चीतून सुमेधा म्हणाली, "दोघं एकाच घोड्यावरून का गेले? दुसरा घोडा कुठे गेला?"

"तेवढा विचार नव्हता केला, वहिनी. पोहे गार होत होते."

चंद्रशेखरने टीव्ही बंद केला आणि त्याच्या काळ्या काचेत स्वतःकडे पाहिलं. मग सावकाश म्हणाला, "अल्फारेटाची नोकरी. तीही सुधारलेली आहे का?"

"काय बोलतोस यार! थांब, मॅनेजर घरी असेल, तूच बोल." नरेंद्रने तावातावाने नंबर फिरवला आणि रिसीव्हर त्याच्या हातात दिला. मॅनेजर खरोखरच घरी होता. नोकरी होती, टेबल तयार होतं, कधी येताय एवढंच त्याला विचारायचं होतं.

चंद्रशेखरचा चेहरा उजळला. नरेंद्रने खांदे मागे घेतले. इथे तो थांबला असता तर संध्याकाळ वाचली असती.

"बघितलंस? माझ्या शब्दावर जे जे केलंस त्यात कधी पस्तावलास? अरे, लग्नसुद्धा! वहिनींचा होकार कोणी आणला होता? तू तर मुंबईला व्हिसाच्या रांगेत उभा होतास."

"होकार?" सुमेधाने विचारलं.

व्हीसीआर पुन्हा ऐकू येऊ लागला.

"भावजी, मी म्हटलं होतं, विचार करून कळवते."

"तेच ते, वहिनी. तुमच्या चेहऱ्यावर स्पष्ट होकार होता."

"चेहऱ्यावर पावडर होती."

"मग," चंद्रशेखर सुमेधाकडे वळला, "काय कळवलंस तू?"

"कळवायच्या आत दारात मांडव उभा होता."

रुपाली उठून बसली. "सो काका एडिटेड यू गाइज टू?"

"पण संसार चांगला झाला ना!" नरेंद्र कळवळून म्हणाला. "मी शेवट बघतो रे, चंद्या, शेवट!"

चंद्रशेखरला मात्र आता मागचं नव्हे, अगदी अलीकडचं काहीतरी आठवत होतं. "नऱ्या, परवा फोनवर तू म्हणालास, वहिनींशी मी बोललोय, त्या अल्फारेटाला यायला एका पायावर तयार आहेत."

नरेंद्रने बशीत पाहिलं. शेंगदाणे संपले होते. "विषय काढला होता मी," तो म्हणाला. "ओझरता."

चंद्रशेखरच्या लक्षात आलं की लग्न झाल्यापासून या बाईला त्याने कधी काही सरळ विचारलंच नव्हतं. तिची उत्तरं नेहमी कुणीतरी आणून द्यायचं आणि ती चांगली निघायची, म्हणून तो ती तपासत नसे. तो तिच्या खुर्चीसमोर येऊन उभा राहिला. त्याला आपले हात कुठे ठेवावेत हे सुचेना.

"सुमेधा, अल्फारेटाला यायचं आहे का तुला?"

सुमेधाने त्याच्याकडे पाहिलं. नवऱ्याचा चेहरा पहिल्यांदाच नीट वाचायला मिळावा, तसं निवांत. मग तिने चिवड्याची बशी उचलली, कप गोळा केले आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. आतून नळाचा आवाज येऊ लागला.

नरेंद्रने नळाच्या आवाजाकडे कान दिला. मग तो पुढे झुकला आणि जुन्याच विश्वासाने, हलक्या आवाजात म्हणाला, "हो म्हणाल्या, चंद्या."

चंद्रशेखरने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि तो स्वयंपाकघराकडे चालू लागला.