लालाशेठना बसवा

नगराध्यक्षपदाला तिसऱ्यांदा उभे राहिलेले दादासो त्या दिवशी औंधला यमाईपुढे नारळ फोडायला गेले होते. आधी दोनदा ते पडले होते. यंदा पडलात तर पुन्हा गावात हात जोडत फिरायचे नाही, असे बायकोने, क्रांतीने, साफ सांगितले होते. म्हणून यंदा त्यांनी डोके चालवले होते. समोर उत्कर्षाबाई होत्या, शिकलेल्या आणि गोड बोलणाऱ्या. त्यांची मते खायला दादासोंनी एक अपक्ष उभा केला होता, आणि तोही साधासुधा नव्हे.

लालासाहेबांनी, म्हणजे गावाच्या लालाशेठनी, कोइमतूरला सोने गाळण्याच्या धंद्यात बक्कळ पैसा केला होता. त्यांची निम्मी भावकी उत्कर्षाबाईंच्या पेठेत. दादासोंनी महिनाभर रोज सकाळी त्यांच्या दारात माणसे धाडली. "शेठ, गावाला तुमीच पायजे," एवढे म्हणायचे आणि चहा पिऊन परतायचे. शेठ विरघळले. त्यांनी अर्ज भरला, जीपगाड्यांवर कर्णे चढवले, चौकाचौकात स्वतःचे हसरे फोटो टांगले. आपल्याला कुणी उभे केले याचा त्यांना पत्ताही नव्हता.

अर्ज मागे घेण्याचा आज शेवटचा दिवस होता. शेठचा धीर सुटू नये म्हणून दादासोंनी त्यांना चहाला बोलावले होते आणि स्वतः मात्र देवळाच्या रांगेत अडकले. त्यांनी घरी थांबलेल्या कार्यकर्त्याला, विश्वजीतला, फोन लावला.

"शेठ आलं का रं? त्येंला बसवा. मी आलोच."

विश्वजीत चक्रावला. निवडणुकीच्या दिवसांत गावात 'बसवणे' या शब्दाला एकच अर्थ असतो. पण दादासोंना उलट विचारायची त्याला सवय नव्हती. तो शेठसमोर जाऊन उभा राहिला.

"शेठ, बसा."

"बसलोयच की."

"तसं न्हवं. अर्ज काढून बसा. दादासोंचा निरोप हाय."

शेठ भडकले. मला सांगणारे दादासो कोण, असे त्यांनी विचारले. विश्वजीतच्या पोटात काही राहत नसे.

"आवं शेठ, आमीच उभं केलं, आमीच बसवतोय. त्यात काय एवढं?"

शेठ उठले. मग त्यांनी ड्रायव्हरला गाडी काढायला सांगितली.

दादासो प्रसाद घेऊन आले तेव्हा खुर्ची रिकामी होती.

"बसवलं," विश्वजीत म्हणाला.

"कुठं बसवलं? दिसत न्हाईत."

"सही करून आलं की. पक्कं बसलं."

दादासो धापा टाकत निवडणूक कचेरीत पोहोचले, तर वेळ संपलेली. तिथे उत्कर्षाबाई डोक्याला हात लावून बसल्या होत्या.

"काका, हे काय केलंत?" त्या रडवेल्या झाल्या. "उरलेली निम्मी भावकी तुमच्याकडची, म्हणून तुमची मतं खायला आम्हीच त्यांना उभं केलं होतं. रोज संध्याकाळी माणसं पाठवत होतो."

सकाळची माणसे एकाची, संध्याकाळची दुसरीची. निदान पाठिंबा तरी पदरात पडावा म्हणून दोघे मुकाट्याने शेठच्या घरी गेले. शेठ दारात उभे राहून आपलेच फोटो उतरवून घेत होते.

"मला वाटलं, खरंच गावाला मी पायजे," ते म्हणाले.

दादासोंना फार लाज वाटली, पण पाठिंबा मागायचे काही त्यांनी सोडले नाही. शेठनी दोघांनाही चहा पाजला आणि पाठिंबा कुणालाच दिला नाही.

दादासो थोडक्यात निवडून आले. अंगावरचा गुलाल जातो न जातो तोच एके सकाळी पेठेतल्या हरणाबाई दारात हजर झाल्या. आता आमदारकीला उभे राहा, तालुक्याला तुम्हीच पाहिजे, असे म्हणाल्या. दादासोंची छाती फुगली. दुसऱ्या दिवशी आणखी माणसे आली, मग अंगण भरायला लागले. चहा करून करून क्रांती वैतागली, तरी दादासोंनी पक्षाचे तिकीट मिळो न मिळो, अपक्ष लढायचे ठरवून टाकले.

"मावशी, लोकांस्नी माझी लयच वढ लागली म्हनायची," ते कौतुकाने म्हणाले.

हरणाबाईंनी बशीत चहा ओतला.

"तर वं. लालाशेठ रोज गाडी पाठिवत्यात."