खिळ्यांवर उभी भिंत

"खिळा म्हंजी खिळा! स्क्रू काय, घड्याळात लावायचा!" भिवाजीनं हातोडी उचलली आणि घोटावड्यातल्या त्या घरातला वाद संपला. म्हणजे भिवाजीपुरता संपला.

वाद जिप्सम बोर्डाच्या भिंतीचा होता. गौतमीच्या कंपनीनं सगळ्यांना बंगळुरूला बोलावलं होतं. गौतमीला घर सोडायचं नव्हतं. तिनं घरूनच काम करू द्या म्हणून अर्ज केला होता आणि आज मृण्मयी मॅडम व्हिडिओवर बोलून काय ते ठरवणार होत्या. निदान बोलताना मागं शेळ्या दिसू नयेत, म्हणून पडवी अडवून लेकीला खोली करून द्यायचं भिवाजीनं मनावर घेतलं.

"आबा, सांगाडा पत्र्याचा हाय," कैलास म्हणाला. बिचारा रात्रपाळी करून कारखान्यातून येतानाच स्क्रूची पुडी घेऊन आला होता. "पत्रा खिळ्याला धरत न्हाई. स्क्रूला आटे असत्यात, त्यो घट्ट बसतोय."

"गोठा बांधला तवा कुटं व्हता तुजा स्क्रू? म्हैस रोज धडका देती, हाललाय का?"

"गोठा लाकडाचा हाय!"

"आन् मी बाप हाय तुजा!"

ठाकठूक करून आतल्या बाजूचे बोर्ड उभे राहिले. भिवाजीच्या बायकोनं, चंद्राबाईनं, हळदकुंकू वाहून नारळ फोडला. भिंत दिसत होती मात्र झकास, खोटं कशाला बोला!

मीटिंग सुरू झाली. गौतमी आत, बाकीचे बाहेर. पण लेकीचं नशीब ठरत असताना आईबापाला चैन पडतंय होय? चंद्राबाईनं हळूच बोर्डाला कान लावला. मग भिवाजीनं लावला. शेवटी कैलासही टेकला.

"तुम्ही लिहिलंय, घरच्यांना तुमची गरज आहे," मॅडम म्हणत होत्या. "अहो, सगळे तेच लिहितात. मी कसं खरं मानू?"

टक्. एक खिळा उडाला. टक् टक् टक्! पुढच्याच क्षणी गौतमीच्या पाठीमागचे बोर्ड धाडकन आत आडवे झाले आणि सांगाड्याच्या पट्ट्यांमधून तीन माणसं, बोर्डाच्या भुकटीनं पांढरीफटक, डोक्यापासून कमरेपर्यंत आत लोंबली. मागून एक शेळी ओरडली.

"गौते, लागलं न्हाई न्हवं तुला?" चंद्राबाई किंचाळली.

"न्हाई गं आई! तुमी बरी हायसा ना?"

भिवाजीला समोर मॅडम दिसल्या. त्यानं लोंबत्या अवस्थेतच हात जोडले. "नमस्कार मॅडम. ज्यावलासा का?"

मॅडमनी तोंडावर हात धरला. गौतमीनं डोळे मिटून घेतले. संपलं सगळं.

"गौतमी," मॅडमना हसू आवरेना, "तुमच्याशिवाय या घराचं काही खरं नाही. राहा तिथेच. अर्ज मंजूर."

गौतमीनं असा श्वास सोडला, की समोरची भुकटी उडाली. चंद्राबाई हसता हसता रडायला लागली. सगळ्यांचाच जीव भांड्यात पडला.

कैलासनं स्क्रूची पुडी पुढं केली. भिवाजीनं मिशा झटकल्या.

"लाव आता तुजं स्क्रू," तो म्हणाला. "पर ध्यानात ठेव. सकाळीच लावलं असतंस, तर भन गेली असती बंगळुरात!"