मेहेर सरांना गणित समजत नाही

गणिताच्या शिकवणीत सर खडूला हातच लावत नाहीत, हे माझ्या लेकीने, गार्गीने सांगितलं तेव्हा मला वाटलं पोरगी थापा मारतेय. पण बोईसरला मेहेर सरांच्या खोलीत खरोखर तसंच चालायचं. एकेका मुलाने उठून फळ्यावर गणित सोडवायचं, प्रत्येक पायरी मोठ्याने समजावून सांगायची, आणि सरांनी पंच्याने मान पुसत म्हणायचं, "मला नाय समजला. परत सांग."

परत सांगताना मूल मध्येच अडखळायचं, जीभ चावायचं, आपली चूक आपणच दुरुस्त करायचं. मग सर खूश. "आता समजला. बस."

मोबाईल आल्या आल्या तांदळाच्या रिकाम्या डब्यात. "टाक डब्यात, शिजू दे त्याला." घरचा अभ्यास म्हणजे घरातल्या कुणाला तरी गणित समजावून द्यायचं, तेही ज्याला त्यात काडीचा रस नाही अशा माणसाला. त्यामुळे बोंबील साफ करता करता मी संभाव्यता ऐकली आहे. गार्गीचे बाबा ऐकताना घोरायला लागले, तर सरांचा सल्ला तयार होता: "झोपणारा जागा राहिला, तर तुला समजला."

सर मूळचे तारापूरच्या एका कारखान्यात बॉयलरवर. शिकवणी खरी त्यांच्या बायकोची. मेहेरबाई शाळेत गणित शिकवायच्या. लकव्याने त्यांचं उजवं अंग आणि वाचा गेली, आणि शिकवणी सरांनी पुढे चालू ठेवली. बाई कोपऱ्यात खुर्चीत असायच्या, नजर कुठेच नाही. डाव्या हाताचं एक बोट तेवढं अधूनमधून खुर्चीच्या हातावर टकटक करायचं. आजारच तसा, बिचाऱ्या, असं म्हणून मी नजर वळवायचे.

दहावीच्या प्रिलिमला गार्गी बीजगणितात आपटली. रीत बरोबर, पण अधिक-उणेच्या चिन्हांत जागोजागी घोळ. बोर्डाला हेच झालं तर पोरीचं वर्ष जाणार, या भीतीने माझं डोकं फिरलं. प्रश्नपत्रिका घेऊन मी तरातरा सरांकडे गेले.

"सर, यातलं एक गणित मला सोडवून दाखवा."

सरांनी कागदाकडे पाहिलं, मग बाईंकडे पाहिलं. "मला नाय येत, ताई."

"येत नाही? मग शिकवता काय?"

"मी कुठं शिकवतो?"

हातच्या कांकणाला आरसा कशाला! शिकवणी बंद, असं मी घरी येऊन जाहीर केलं. गार्गी ऐकेना. दोन्ही बाजूंनी अबोला सुरू झाला, आणि ती शिकवणीला जातच राहिली.

बीजगणिताच्या पेपरच्या आदल्या दिवशी दुपारी बातमी आली. बाईंना पुन्हा झटका आला होता, पालघरच्या दवाखान्यात हलवलं होतं.

"आई, मला आत्ताच्या आत्ता तिकडे ने."

"उद्या पेपर आहे, गार्गी! तू काय डॉक्टर आहेस?"

ती चपला घालून स्कूटरपाशी जाऊन उभीच राहिली. निघालो. वाटेत मागून रडत म्हणाली, "आई, खरं तर बाईच शिकवतात. आम्ही चुकलो की त्यांचं बोट वाजतं. बोट वाजलं की सर म्हणतात, नाही समजलं. बरोबर असलं की त्या गप्प. आम्हाला सगळ्यांना माहीत आहे."

उमरोळी मागे पडली, तशी मी स्कूटर आणखी दामटली.

सर खाटेजवळ स्टुलावर बसले होते. बाईंचा डावा हात त्यांनी नीट उचलून खाटेच्या लोखंडी कठड्यावर ठेवला होता. "डॉक्टर बोलतात, तिला आता काय समजत नाय," ते म्हणाले. "मागच्या वेळेला पण असाच बोलले होते. सांग पोरी. जोरात सांग."

गार्गी पायथ्याशी उभी राहिली. फळा नव्हता, हवेत बोट फिरवत तिने वर्गसमीकरण सोडवलं. एकही पायरी चुकली नाही. बोट हललं नाही. सरांचा चेहरा उतरला, त्यांनी पंचा तोंडाशी धरला. मला त्यांच्याकडे बघवेना.

"सर, परत सांगते," गार्गी म्हणाली. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मग म्हणाली, "अधिक बारा पलीकडच्या बाजूला नेले. अधिक बारा."

बाजू बदलली की चिन्ह बदलतं, हे आता मलासुद्धा पाठ होतं. उद्या बोर्डाचा पेपर आणि पोरगी पुन्हा तिथेच! मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिने माझा हात करकचून दाबला. तिची नजर बाईंच्या बोटावर होती. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बरोबर उत्तराला ते बोट कधी हललंच नव्हतं.

आम्ही तिघंही त्या बोटाकडे बघत राहिलो. काही नाही. अजून काही नाही.

टक.

सर ताडकन उठले. "चुकली!" ते वॉर्डभर ओरडले. "नर्सबाई, चुकली गो पोर!" एवढा धिप्पाड माणूस लहान मुलासारखा रडत होता, आणि मीही. नर्स धावत आली, तिला कुणी काही सांगायच्या स्थितीत नव्हतं.

मग सर खाली बसले. पंच्याने डोळे पुसले, मान पुसली, बाईंच्या बोटावर आपला हात अलगद ठेवून उचलला, आणि रोजच्या आवाजात म्हणाले,

"मला नाय समजला, पोरी. परत सांग."